जुने कार्ड आणि जुन्या वळणाचे कार्ड

बेसबॉल कार्ड हा तळहातावर मावणारा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र, मागच्या बाजूला त्याची माहिती, आकडेवारी किंवा एखाद्या मालाची जाहिरात. अमेरिकेत अशी कार्डे दीडशेहून अधिक वर्षे छापली जात आहेत. ती जमवणारी माणसे ज्यांना 'व्हिंटेज' म्हणतात ती साधारणपणे 1980 च्या आधी छापलेली, खरोखरच जुनी कार्डे. 'रेट्रो' कार्डे मात्र आजच्या काळातली, बहुतेक आजच्याच खेळाडूंची. पन्नास, सत्तर किंवा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या कार्डाचे रूप मुद्दाम उचलून ती केलेली असतात. दुकानातल्या काचेखाली दोन्ही शेजारी ठेवली तर नवख्या माणसाला फरक कळायला थोडा वेळ लागतो. हा फरक नुसता वयाचा नाही. जुने कार्ड जपून ठेवण्यासाठी कुणी छापलेच नव्हते. रेट्रो कार्ड जपून ठेवण्यासाठीच छापले जाते. बाकीचे बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात.

ही कार्डे घरोघरी पोचली ती सिगारेटच्या पाकिटातून. 1880 च्या दशकात ही पाकिटे मऊ कागदाची असत. आत पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवला की पाकीट दबत नसे आणि सिगारेटी मोडत नसत. त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापले आणि चित्रांची मालिका केली, तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी तोच ब्रँड मागेल, हे कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आले. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड जिंटर कंपनीने 1887 च्या सुमारास जगातल्या विजेत्या खेळाडूंचा 50 कार्डांचा संच काढला. त्यात बेसबॉलपटू अवघे 10. बाकी मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, वल्हेकरी, बिलियर्ड्सपटू आणि नेमबाज. ॲनी ओकली ही गाजलेली नेमबाजही त्यांत होती. ही कार्डे रंगीत शिळाछापाची होती. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करतात आणि एकावर एक रंग चढवत चित्र पुरे करतात. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसमधून देवादिकांची जी चित्रे घरोघरी पोचली, ती याच तंत्राने छापलेली. रंगांचा तो सपाट, दाट आणि जरा मखमली पोत ज्यांनी जुन्या तसबिरींत पाहिला आहे, त्यांना या कार्डांचे सौंदर्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सिगारेटच्या कार्डांमधला सर्वांत प्रसिद्ध संच 1909 ते 1911 या काळातला. अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या 16 वेगवेगळ्या ब्रँडच्या पाकिटांतून तो वाटला. सुमारे दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडे उंच असे हे कार्ड; पुढे खेळाडूचे रंगीत चित्र, भोवती पांढरी चौकट, मागे सिगारेटची जाहिरात. संचाला छापताना काही नाव नव्हते. आज तो 'टी 206' म्हणून ओळखला जातो. यातले होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड लवकरच छापायचे थांबवण्यात आले. मुलांनी तंबाखूचे पाकीट विकत घ्यावे हे वॅग्नरला पटले नाही, असे एक कारण सांगतात. आपले चित्र वापरण्याचे पैसे त्याला हवे होते, असे दुसरे. कारण काहीही असो, त्या कार्डाच्या आज सुमारे 50 ते 60 प्रतीच माहीत आहेत आणि 2022 मध्ये त्यांतली एक 72 लाख 50 हजार डॉलरला विकली गेली.

टी 206 हे नाव दिले जेफर्सन बर्डिक यांनी, आणि त्यांच्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे. न्यू यॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचे हे गृहस्थ संधिवाताने जर्जर होते. त्यांनी आयुष्यभर छापील कागदाचे असे तुकडे जमवले, जे इतरांच्या लेखी रद्दी होते. पोस्टकार्डे, जाहिरातीची कार्डे, व्हॅलेंटाइनची भेटपत्रे, सिगारेटची कार्डे, सगळेच. त्यांची वर्गवारी करून त्यांनी 'अमेरिकन कार्ड कॅटलॉग' सिद्ध केला. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'एन' हे अक्षर दिले, विसाव्या शतकातल्यांना 'टी', आणि पुढे क्रमांक घातला. आजही सगळा बाजार याच खुणांनी बोलतो. आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह त्यांनी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. वाकड्या झालेल्या बोटांनी ते वर्षानुवर्षे म्युझियममध्ये बसून कार्डे अल्बममध्ये चिकटवत राहिले. ते काम संपले आणि त्याच वर्षी, 1963 मध्ये, त्यांचे निधन झाले. कार्डांना भाव नव्हता त्या काळात त्यांचे मोल ओळखणारा हा माणूस नसता, तर आज जुन्या संचांची यादीही धड करता आली नसती.

सिगारेटच्या मागोमाग मिठाई आणि गम आले. 1914 मध्ये क्रॅकर जॅक या पाकात घोळवलेल्या पॉपकॉर्न-शेंगदाण्याच्या डब्यातून कार्डे मिळू लागली. पाकाचे डाग पडल्यामुळे त्या वर्षीचे स्वच्छ कार्ड दुर्मीळ आहे. 1933 मध्ये बोस्टनच्या गाउडी गम कंपनीने बबलगमसोबत मोठा संच काढला. त्यात एकट्या बेब रूथ या गाजलेल्या खेळाडूची चार कार्डे होती. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि कार्डे जवळजवळ थांबली. 1948 पासून बोमन कंपनी पुढे आली. तिला आव्हान दिले ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने.

टॉप्सचा 1952 चा संच हा जुन्या आणि नव्या सगळ्या कार्डांच्या मधोमध उभा आहे, म्हणून तो जवळून पाहण्यासारखा आहे. साय बर्गर आणि वुडी गेल्मन या कंपनीतल्या दोघांनी बर्गर यांच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याची आखणी केली. कृष्णधवल छायाचित्रे घेऊन ती रंगवली. खाली पट्टीत खेळाडूचे नाव, त्याच्या सहीचा ठसा आणि संघाचे रंगीत चिन्ह. मागे जन्मतारीख, उंची, वजन, थोडी चरित्रात्मक माहिती आणि गेल्या वर्षाची व एकूण कारकिर्दीची आकडेवारी. आधीच्या कार्डांपेक्षा आकार मोठा: दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच बाय पावणेचार इंच. संच 407 कार्डांचा. एका सेंटच्या आणि पाच सेंटच्या पाकिटांत गमच्या पट्टीबरोबर ही कार्डे मुलांच्या हाती पडली.

मुलांनी त्यांचे काय केले? भिंतीवर आपटून खेळ खेळले, अदलाबदल केली, कपड्यांच्या चिमट्याने सायकलच्या चाकाला लावून फटफटीचा आवाज काढला. राहिलेली क्रमवार लावून रबरबँड लावला आणि बुटांच्या खोक्यात टाकली. या संचातले पहिले कार्ड अँडी पाफ्को या खेळाडूचे. गठ्ठ्यात ते नेहमी सर्वांत वर. त्यामुळे रबरबँडचा काच त्यालाच बसला, धूळ आणि घासही त्यानेच खाल्ली. पाफ्को काही त्या काळचा सर्वांत मोठा तारा नव्हता, पण त्याचे निष्कलंक कार्ड मिळणे महाकठीण असल्याने चांगल्या प्रतीला आज डोळे विस्फारणारी किंमत येते. व्हिंटेज कार्डाची दुर्मीळता कशी तयार होते, हे पाफ्कोच्या कार्डाइतके स्वच्छ दुसरे कुठलेच कार्ड सांगत नाही. ती कुणी ठरवलेली नसते. वापराने, हेळसांडीने आणि योगायोगाने ती घडत जाते.

याच संचातला शेवटचा हप्ता, 311 ते 407 क्रमांकांचा, हंगाम संपत आल्यावर बाजारात आला. तोवर मुलांचे लक्ष फुटबॉलकडे वळले होते. माल पडून राहिला. बर्गर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, तो खपवण्याचे प्रयत्न फसल्यावर 1960 मध्ये उरलेली खोकी पडावात भरून न्यू जर्सीजवळ अटलांटिक महासागरात बुडवण्यात आली. गुदाम रिकामे करण्याचा साधा व्यवहार होता तो. या हप्त्यातले पहिले, 311 क्रमांकाचे कार्ड मिकी मँटल या लोकप्रिय खेळाडूचे आहे. त्याची एक अपूर्व स्थितीतली प्रत ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेली. गंमत अशी की मँटलचे हे पहिले कार्ड नव्हे. ते बोमनने 1951 मध्येच काढले होते. शिवाय छपाईच्या तक्त्यावर 311 क्रमांक दोनदा बसवलेला असल्याने शेजारच्या बऱ्याच कार्डांपेक्षा तो जास्त छापला गेला. म्हणजे किंमत नुसत्या दुर्मीळतेने ठरत नाही. ज्या पिढीने मँटलला खेळताना पाहिले, तिच्या हातात पुढे पैसा आला आणि आईने फेकून दिलेले कार्ड तिने परत मिळवायचे ठरवले. ती ओढ या आकड्यात आहे.

टॉप्सने 1956 मध्ये बोमन विकत घेतली आणि 1957 पासून अडीच बाय साडेतीन इंच हा आकार कायम केला. तो आजही चालतो. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे मैदान टॉप्सचेच होते. 1981 मध्ये न्यायालयीन लढ्यानंतर फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या उतरल्या, 1989 मध्ये अप्पर डेक आली. तोवर जुन्या कार्डांचे भाव वर्तमानपत्रांत येऊ लागले होते आणि लोक नवी कार्डे गुंतवणूक म्हणून पेटीच्या पेटी घेऊन माळ्यावर ठेवू लागले. कंपन्यांनी मागेल तेवढा माल छापला. सगळ्यांनीच सगळे जपून ठेवले, त्यामुळे त्याला किंमत उरली नाही. खेळाडूंच्या 1994 च्या संपात वर्ल्ड सिरीज ही हंगामाची अंतिम स्पर्धाच रद्द झाली आणि पुष्कळ गिऱ्हाईक कायमचे गेले. ज्या वस्तूची किंमत फेकून देण्यातून वाढली होती, ती जपण्याच्या हेतूने विकत घेताच तिची किंमत बुडावी, हा या व्यवसायाला मिळालेला मोठा धडा होता.

रेट्रो कार्डांची लाट यानंतरची. जुन्या संचांच्या नकला आधीही झाल्या होत्या. टॉप्सनेच 1983 मध्ये 1952 चा संच पुन्हा छापला होता. पण नक्कल म्हणजे रेट्रो नव्हे. नकलेत जुनाच खेळाडू जुन्याच चित्रासह येतो. रेट्रोत आजचा खेळाडू जुन्या साच्यात बसतो. ही कल्पना ठाशीवपणे आली ती 2001 मध्ये, टॉप्सच्या कार्डांच्या पन्नाशीला, 'टॉप्स हेरिटेज' या मालिकेतून. पहिल्या वर्षी 1952 चा साचा, 2002 मध्ये 1953 चा, आणि असेच दरवर्षी एक पाऊल पुढे. 2011 मध्ये 1962 ची लाकडी रेघांची चौकट आली, 2020 मध्ये 1971 ची काळी.

पहिले हेरिटेज 1952 च्या कार्डाशेजारी ठेवून पाहिले तर करणाऱ्यांनी किती बारकाईने अभ्यास केला होता ते कळते. संच तेवढ्याच 407 कार्डांचा. 1952 मध्ये पहिल्या 80 कार्डांची मागची बाजू काही प्रतींत लाल आणि काहींत काळी छापली होती. हेरिटेजमध्येही पहिली 80 दोन्ही तऱ्हांची. आणि 311 ते 407 हे क्रमांक मुद्दाम कमी छापलेले. म्हणजे 1952 मध्ये हंगाम संपल्यामुळे जे घडले, ते 2001 मध्ये योजून घडवले. चित्रांतही तीच निष्ठा. आजच्या नेहमीच्या कार्डांवर चेंडू फटकावतानाचे, झेप घेतानाचे चित्र असते. हेरिटेजमध्ये खेळाडू बॅट खांद्यावर टेकवून शांतपणे उभा, नजर कुठेतरी दूर. मागच्या बाजूचा मजकूरही जुन्या वळणाचा, आणि ज्या वर्षांच्या कार्डांवर छोटी व्यंगचित्रे होती त्या वर्षांच्या साच्यात तीही.

तरीही हाताला फरक लागतो. जुना पुठ्ठा जाड, करडा आणि सच्छिद्र. त्याचे कोपरे बोटांच्या नुसत्या स्पर्शानेही गोलाटतात, कडा कापताना सुटलेले तंतू दिसतात, चित्र चौकटीच्या मध्यावर क्वचितच असते. मागे गमचा किंवा वेष्टनाच्या मेणाचा डाग. हेरिटेजचा पुठ्ठा चकाकी टाळतो, पण त्याची काप सरळ आणि छपाई नेमकी असते. भिंगाखाली तर दोन काळ स्पष्ट वेगळे होतात. टी 206 मध्ये नावाची अक्षरे आणि चित्राभोवतीची रेघ सलग शाईची दिसते, कारण ती वेगळी छापलेली होती. त्याच कार्डाच्या आजच्या नकलेत अक्षरेसुद्धा बारीक रंगीत ठिपक्यांत फुटलेली आढळतात. कागदही बोलतो. महायुद्धाच्या आधीच्या कागदात चमक आणणारी रसायने नसत, म्हणून अतिनील दिव्याखाली तो मंद राहतो. आजचा कागद बहुधा निळसर पांढरा उजळतो. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली नक्कल या दोन तपासण्यांत सहसा उघडी पडते. नामवंत कंपनीच्या रेट्रो कार्डावर चालू वर्षाची छपाईची नोंद असल्याने तिथे फसगतीचा प्रश्न येत नाही. धोका असतो तो वर्ष पुसलेल्या, निनावी नकलांचा.

जुन्या कार्डाची स्थिती एवढी महाग झाल्यावर ती ठरवणारे आले. पीएसए ही कंपनी 1991 पासून कार्डांना 1 ते 10 गुण देऊन प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करते. तिने तपासलेले पहिलेच कार्ड म्हणजे आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदाराने त्याच वर्षी 4 लाख 51 हजार डॉलरला घेतलेले होनस वॅग्नर. त्याला 8 गुण मिळाले. पुढे 2013 मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की त्या कार्डाच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. वापरलेल्या वस्तूवर वापराच्या खुणा असणारच. त्या पुसण्याचा सोस धरला की अशी कात्री चालते. झिजलेले पण अस्सल कार्ड कापून सुबक केलेल्या कार्डापेक्षा अधिक आदराचे आहे. हे गुणांच्या तक्त्यात बसत नसले तरी संग्राहकाने धरून ठेवावे असेच आहे.

हेरिटेजखेरीज रेट्रोची दुसरी मोठी मालिका 2006 पासूनची 'टॉप्स ॲलन अँड जिंटर'. रिचमंडच्या त्या कंपनीचे नाव आणि रूप घेऊन आलेल्या या संचाने मूळ कल्पनेतला मिश्रपणाही उचलला. बेसबॉलपटूंच्या जोडीला कारच्या शर्यतीतली डॅनिका पॅट्रिक, हॉट डॉग खाण्याच्या स्पर्धा जिंकणारा ताकेरू कोबायाशी असे लोक त्यात आले. सिगारेटच्या कार्डाएवढ्या लहान आवृत्त्याही निघाल्या. 2018 च्या 'टॉप्स लिव्हिंग सेट'ने तर 1953 ची आठवण जागवली. त्या वर्षी टॉप्सची कार्डे छायाचित्रांवरून हाताने रंगवलेल्या लहान चित्रांची होती. लिव्हिंग सेटसाठी मयुमी सेटो या चित्रकर्तीने आजच्या खेळाडूंची चित्रे त्याच पद्धतीने रंगवायला घेतली. रेट्रोमधले सर्वांत प्रामाणिक काम कोणते असे विचारले तर याकडे बोट दाखवावे लागेल, कारण इथे नुसते रूप उचललेले नाही, कामाची रीतही उचलली आहे.

रेट्रोची व्यापारी बाजू मात्र पूर्ण आजची आहे. पाकिटात साध्या कार्डांबरोबर खेळाडूची खरी सही असलेली, बॅटचा किंवा जर्सीचा तुकडा बसवलेली, क्रमांक टाकून मोजकीच छापलेली कार्डे पेरलेली असतात. 2001 च्या हेरिटेजमध्ये चकचकीत क्रोम आवृत्तीच्या प्रत्येकी 552 प्रती होत्या, आकडा 1952 वरून घेतलेला. अशा कार्डांसाठी लोक पेट्याच्या पेट्या फोडतात, आणि साधी कार्डे बाजूला पडतात. काही वेळा कंपनी जुनी अस्सल कार्डे बाजारातून विकत घेऊन, त्यांवर चमकदार शिक्का मारून नव्या पाकिटांत घालते. खरे जुने कार्ड नव्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याचा हेतू चांगला, पण साठ वर्षे टिकलेल्या चित्रावर शिक्का मारण्याने त्याची हानीच होते. हा प्रकार बंद व्हायला हवा.

तरीही रेट्रोने मोठे काम केले आहे. 1952 चे मँटल किंवा 1909 चे वॅग्नर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर कधीच गेले. हेरिटेजचे साधे कार्ड मात्र शाळकरी मुलाला खाऊच्या पैशात मिळू शकते, आणि त्याच्या हातात तोच साचा, तीच सहीची पट्टी, तोच शांत उभा खेळाडू येतो. ज्याला त्यावरून मुळाची ओढ लागते, त्याच्यासाठीही वाट बंद नाही. टी 206 मधली कमी प्रसिद्ध खेळाडूंची, झिजलेल्या कोपऱ्यांची कार्डे आजही शंभराहून कमी डॉलरांत मिळतात. शंभराहून अधिक वर्षांची वस्तू एवढ्या किमतीत हाती येणारे छंद फार नाहीत. सुरुवात करणाऱ्याने अशा कार्डापासूनच करावी, आणि पहिल्या खरेदीआधी भिंग विकत घ्यावे.

हेरिटेजची वाटचाल आता 1970 च्या दशकात पोचली आहे. 2025 चा संच 1976 च्या साच्याचा होता. हाच क्रम पुढे चालू राहिला तर 2036 मध्ये पाळी येईल 1987 ची, म्हणजे लाकडी रेघांच्या चौकटीच्या त्या संचाची जो अतोनात छापला गेला आणि अजून न फोडलेल्या पाकिटांत पडून आहे. त्या वर्षीची बहुतेक साधी मूळ कार्डे आज काही सेंटांत मिळतात. तेव्हा रेट्रो कार्ड मुळापेक्षा महाग असेल.